अप्रमाणित औषध : करुणेला पुराव्याची जोड हवी

२०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली, तेव्हा या विषाणूवर एकही सिद्ध औषध नव्हते. लायबेरियात सेवाकार्य करताना बाधित झालेल्या दोन अमेरिकनांना ‘झेडमॅप’ हे माणसांवर कधीही न तपासलेले औषध देण्यात आले. ते दोघे बरे झाले. मोनरोव्हियातील कॅथलिक रुग्णालयात सेवा करणारे स्पॅनिश धर्मगुरू मिगेल पाहारेस यांच्यासाठीही ते माद्रिदला मागवण्यात आले. परंतु १२ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या तज्ज्ञांचे मत जाहीर केले : रुग्णाची संमती घेऊन अशी औषधे देणे नीतीस धरून आहे, मात्र त्यांच्या परिणामांची माहिती गोळा करून ती सर्वांना कळवणे हे नैतिक कर्तव्य आहे.

हे कर्तव्य किती मोलाचे होते, हे पुढे दिसले. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात २०१८-१९ मध्ये चार औषधांची तुलना झाली. झेडमॅप मिळालेल्यांपैकी सुमारे ५० टक्के रुग्ण दगावले. दोन नव्या प्रतिपिंड औषधांच्या गटांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्केच होते. दोघे वाचले म्हणून झेडमॅपवरच विसंबून राहिलो असतो, तर अनेक प्राण हकनाक गेले असते. मरणाच्या दारातील रुग्णाला आशा नाकारू नये. पण तपासून न पाहिलेल्या आशेला औषध म्हणू नये.