घरचे आरोग्य : कोरड्या सुईने आखडलेला पाय सैल होतो का?

सातारा जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या भाभींना मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा आजार आहे. डावा पाय काठीसारखा ताठ होतो आणि रात्री पोटरीत गोळे येतात. फिजिओथेरपिस्टने 'ड्राय नीडलिंग करून पाहू' असे सुचवले आणि घरात तीन मते झाली. अब्बा म्हणाले, ज्या सुईत औषधच नाही तिने काय होणार? खालांचे म्हणणे, त्यापेक्षा हिजामा करा. आणि भाभींनी विचारले, रमजानमध्ये सुई घेतली तर रोजा राहील का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. सांगली-मिरजेकडूनही या आजाराबद्दल विचारणा होते, म्हणून या महिन्याची जागा त्यालाच देत आहोत.

आधी आजाराविषयी थोडे. विजेच्या वायरीवर प्लास्टिकचे आवरण असते तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या या आवरणावर हल्ला करते. मग मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत उशिरा पोहोचतो, तुटक पोहोचतो किंवा पोहोचतच नाही. 'आता सैल हो' हा निरोप अडला की स्नायू आवळलेलाच राहतो. म्हणजे बिघाड पोटरीत नसतो, वरच्या वायरिंगमध्ये असतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे.

आपल्या देशात हा आजार फारच दुर्मीळ, असे बरीच वर्षे समजले जाई. एमआरआय यंत्रे आल्यावर तो दिसू लागला. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो जास्त होतो आणि बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो. नेमकी लग्नाची, बाळंतपणाची वर्षे. सकाळी चालणारी सून दुपारी भिंत धरून उभी राहते, चार दिवस बरी असते, पुन्हा पाय ओढते. घरच्यांना तो बहाणा वाटतो, नाहीतर कोणीतरी 'असर' म्हणते आणि महिने वाया जातात. दुआ जरूर करावी, पण मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाणे त्यासाठी लांबवू नये.

आता सुई. ड्राय नीडलिंग म्हणजे कोरडी सुई. अ‍ॅक्युपंक्चरला वापरतात तशीच बारीक, भरीव सुई असते. तिच्यातून काही आत सोडत नाहीत आणि रक्तही काढत नाहीत. अ‍ॅक्युपंक्चरवाले चिनी शास्त्रातल्या ठरावीक बिंदूंवर सुई लावतात. इथे फिजिओथेरपिस्ट बोटांनी चाचपून स्नायूतला आवळलेला पट्टा शोधतो आणि त्यातच सुई घालतो. स्नायू क्षणभर फडफडतो, मग बऱ्याचदा ढिला पडतो.

अब्बांच्या शंकेला जुने उत्तर आहे. अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल अशा दुखऱ्या गाठींत बधिर करणारे औषध टोचत असत. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या त्या याच. पुढे 1979 मध्ये झेक डॉक्टर कारेल लेविट यांनी दाखवले की दुखणे कमी होण्यात औषधापेक्षा सुईच्या टोचण्याचाच वाटा मोठा असतो. पण हे सारे पाठ, मान, खांद्याच्या दुखण्याबद्दल होते. तिथून ही पद्धत अर्धांगवायूनंतरच्या ताठरपणासाठी वापरली जाऊ लागली आणि नंतर एमएसकडे आली. स्पेनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी यावर बरेच काम केले आहे.

म्हणून पुराव्याचा हिशेब सरळ मांडतो. ताठरपणावरचे बहुतेक अभ्यास अर्धांगवायूच्या रुग्णांवर झालेले आहेत. एमएसवरचे मोजके आणि लहान आहेत. त्यांतून दिसते ते एवढेच की सुईनंतर ताठरपणा कमी होतो, पण थोड्या काळापुरता. चालणे कायमचे सुधारते असे त्यावरून म्हणता येत नाही. एमएसचा मूळ आजार तर सुईने तसूभरही हलत नाही, कारण बिघाड वर आहे आणि सुई खाली लागते. 'दहा बैठकांत एमएस बरा' असे कोणी सांगत असेल तर त्याच्या दवाखान्याची पायरी उतरावी. आम्ही ही सुई निरुपयोगी समजत नाही. पाय सैल पडलेल्या त्या थोड्या वेळात काय केले, यावर तिची किंमत ठरते. त्या वेळात पोटरी नीट ताणली, घोटा वळवला, उभे राहण्याचा आणि पाऊल टाकण्याचा सराव केला तर ती कामी आली.

याला एक दुसरी बाजू आहे, ती फार कमी लोक सांगतात. एमएसमध्ये पाय ताठ असतो तसाच आतून कमजोरही असतो. कित्येकदा त्या ताठरपणाच्याच आधाराने माणूस उभा असतो. तो एकदम काढून घेतला तर गुडघा दुमडतो आणि माणूस मोरीत पडतो. म्हणून चांगला फिजिओथेरपिस्ट आधी उभे करून, चालवून पाहतो, मगच कोणता स्नायू सैल करायचा आणि कोणता तसाच ठेवायचा ते ठरवतो. त्याला नुसते 'पाय कडक आहे' म्हणू नका. काय अडते ते सांगा. एसटीची पायरी चढता येत नाही, सजद्यातून उठता येत नाही, मांड्या एकमेकींना चिकटतात म्हणून इस्तिंजा नीट होत नाही. संकोच वाटतो, पण मांडीच्या आतल्या स्नायूंची ही तक्रार नेहमीची आहे आणि तिच्यावर उपाय असतो.

सुईआधी आणखी एक तपास घरीच होतो. पाय अचानक जास्त आखडू लागला तर कारण बहुधा दुसरीकडे असते: लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाठीला किंवा टाचेला झालेली जखम, ताप, घट्ट कपडे, एवढेच काय, पायाच्या वाढलेल्या नखाची जखमसुद्धा. ते दूर केले की पाय आपोआप निवळतो. उष्णतेनेही एमएसची लक्षणे वाढतात. तासगाव-जतकडच्या एप्रिल-मे महिन्यात हे रुग्ण गळून जातात ते उगाच नाही. आपल्याकडे पाय आखडला की नानी गरम पाण्याची पिशवी घेऊन येतात. एमएसमध्ये तो शेक नको. लक्षणे वाढू शकतात, आणि पाय बधिर असेल तर कातडी भाजली तरी कळत नाही.

हिजामाबद्दल खालांना एवढेच सांगू की ही दोन वेगळी कामे आहेत. हिजामात कातडीवर बारीक चिरे देऊन रक्त ओढतात. सुई त्याखालच्या स्नायूपर्यंत जाते. एमएसचा ताठरपणा हिजामाने जातो असा भरवशाचा पुरावा आमच्या पाहण्यात नाही. या आजारावरची काही औषधे प्रतिकारशक्ती दाबतात, तेव्हा उघड्या चिऱ्यांतून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. डॉक्टरांना न विचारता करू नये.

रोजाचे उत्तर सोपे आहे. 1997 मध्ये जेद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठरवले की पोषण न देणाऱ्या औषधी इंजेक्शनांनी रोजा तुटत नाही. कोरड्या सुईत तर औषधही नाही. रक्ताचा थेंब येऊन वाहिला तर हनफी मसलकीत वुजू पुन्हा करावा लागतो. कोकणातल्या आपल्या शाफई नातलगांकडे तो तसा तुटत नाही. शंका राहिली तर आपल्या आलिमांना विचारावे. आम्हाला काळजी वाटते ती सुईची नाही, गोळीची. ताठरपणासाठी बॅक्लोफेन देतात, बहुधा दिवसातून तीनदा. रोजासाठी ती एकाएकी बंद केली तर पाय भयंकर आखडतात, भ्रम होतो, झटके येऊ शकतात. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून वेळा बदलून घ्या. ते नाही म्हणाले तर आजारी माणसाला दिलेली सवलत आहेच.

सुई घ्यायची ठरली तर ती नोंदणीकृत आणि या पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच घ्यावी. सुई नवी, पाकीट तुमच्यासमोर फोडलेले. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दिवस गेले असतील, पायाची संवेदना गेली असेल तर आधी सांगावे. दोन दिवस ठणका किंवा निळा डाग चालतो. छाती आणि खांद्याजवळची सुई फुफ्फुसाला लागू शकते. तशी सुई घेतल्यावर धाप लागली तर थेट दवाखाना गाठावा. पडद्याची अडचण असेल तर वेळ घेतानाच महिला फिजिओथेरपिस्ट मागा. या पेशात मुली भरपूर आहेत, ही मागणी कोणाला नवी वाटत नाही. सोबत घरचे माणूस बसवण्यासही हरकत नसते.

आपल्या भागात त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. कराडला कृष्णा रुग्णालयाबरोबर फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचे आहे. मिरजेत 1962 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि 1894 चे वॉनलेस रुग्णालय तर सर्वांना ठाऊक आहे. कुठे ही सुई देतात ते फोनवर विचारून मगच निघा. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये एमएसचे नाव स्वतंत्रपणे घातलेले आहे. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व ठरले तर पुष्कळ सवलतींचा दरवाजा उघडतो, त्यामुळे यूडीआयडी कार्डाचा अर्ज लगेच भरावा. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1985 पासून काम करते, तिची पुण्यातही शाखा आहे.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. साताऱ्याहून मिरजेला जाऊन सुई घेतली आणि लगेच परतीच्या एसटीत गुडघे दुमडून बसलात, तर सैल झालेला पाय घरी येईतो पुन्हा आखडलेला असेल. सुईनंतरचा व्यायाम तिथेच, फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली उरकावा, तो घरच्या एका माणसाने शिकून घ्यावा, आणि रोजचे ताणणे घराजवळच्या फिजिओथेरपिस्टकडे चालू ठेवावे. लांबचा प्रवास महिन्यातून एकदा पुरे.