डायलवर 'मिलिटरी' छापलं म्हणून घड्याळ युद्धावर जाऊन आलेलं नसतं

जुन्या घड्याळांवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय : "सर, मिलिटरी घड्याळांचा धंदा सुरू करायचाय, माल कुठून उचलू?" मालाचं नंतर बघू. आधी माझी फजिती ऐका.

काही वर्षांपूर्वी मी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून दहा चावीची घड्याळं आणली. काळी डायल, मोठे आकडे, त्यावर एक बाण आणि वर इंग्रजीत 'मिलिटरी'. तो म्हणाला, दुसऱ्या महायुद्धातली आहेत. मी मान डोलावली. खरं सांगू? मला विचारायचंच नव्हतं. नऊशेचं घड्याळ साडेचार हजारांना जाणार असेल, तर माणूस फार खोलात शिरत नाही. बीबीएला शिकलो होतो, वस्तू नका विकू, स्टोरी विका. मी स्टोरी विकली. त्यावर व्हिडिओही केला.

अंबड तालुक्यातल्या एका गिऱ्हाइकानं त्यातलं एक घड्याळ वडिलांना भेट दिलं. वडील निवृत्त हवालदार. चौथ्या दिवशी बापलेक दोघंही जालन्याला दुकानात हजर. हवालदारसाहेबांनी घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "बाळा, हे कुठल्या पलटणीचं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पैसे परत केले. आणखी चार विकली होती, त्यांना फोन केले. दोघांनी परत आणली, दोघं म्हणाले राहू द्या, छान दिसतं. व्हिडिओ त्याच रात्री काढून टाकला. त्यानंतर मी या घड्याळांचा अभ्यास सुरू केला. खरं तर तो दहा नग उचलायच्या आधी करायला हवा होता.

मनगटावरचं घड्याळ पुरुषांमध्ये रुळलं तेच मुळी युद्धामुळं. त्याआधी ते बायकांचा दागिना समजलं जायचं, पुरुषाचं घड्याळ खिशात साखळीला असायचं. पहिल्या महायुद्धात तोफांचा मारा अमुक मिनिटाला थांबणार आणि पायदळ त्याच मिनिटाला पुढं सरकणार, असं ठरलेलं असे. खंदकात, हातात बंदूक असताना खिशातलं घड्याळ कोण काढणार?

यात आपली माणसंही होती. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ कुतचा वेढा चालला. त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्या मोहिमेतल्या हिंदी फौजेत वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळं होती. बनायची स्वित्झर्लंडमध्ये, डायलवर नावं मात्र बॉम्बे आणि कलकत्ता. त्यांच्या एका मॉडेलचं नावच 'सोवार', म्हणजे आपला घोडेस्वार! गिऱ्हाईक कोण आहे हे ओळखून ठेवलेलं नाव. ब्रँडिंग शिकायचं असेल तर हे शिका.

आता ज्या घड्याळांची सगळ्यात जास्त नक्कल होते, ती बघू. ब्रिटिश सरकारनं दुसऱ्या महायुद्धात १२ स्विस कंपन्यांकडून एकाच नमुन्याची घड्याळं करून घेतली. ओमेगा, लाँजिन्स, सायमा, रेकॉर्ड, व्हर्टेक्स वगैरे. मागच्या झाकणावर तीन डब्ल्यू आणि नंबर, डायलवर सरकारी मालकीचा बाण. पट्ट्याच्या दांड्या घड्याळाला पक्क्या जोडलेल्या, पिन तुटून घड्याळ पडायला नको म्हणून. 'मिलिटरी' हा शब्द कुठंही नाही. फौजेला आपली वस्तू फौजेची आहे हे डायलवर लिहायची काय गरज? आणि गंमत म्हणजे हा माल आला १९४५ साली, युद्ध संपता संपता. म्हणजे अस्सल घड्याळ हातात आलं तरी 'यानं लढाई पाहिलीय' असं छातीठोकपणे सांगता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात असईला १८०३ साली मोठी लढाई झाली. नशीब, तेव्हा मनगटी घड्याळं नव्हती, नाहीतर 'असईचं घड्याळ' म्हणूनही कुणीतरी विकलं असतं.

मग बाजारात येतंय ते काय? जुनं स्विस किंवा एचएमटीचं मशीन, डायल खरवडून पुन्हा रंगवलेली, त्यावर हवं ते छापलेलं. परदेशातले संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकानं नाही. एचएमटीचं 'पायलट' बघा. कंपनीनं कधी केलेच नाहीत अशा रंगांच्या डायल लावून ते विकलं जातं. कंपनीचा घड्याळांचा कारभार २०१६ मध्ये गुंडाळला गेला, आता 'आमचं नाही' म्हणायला तिथं कोण बसलंय?

माझं मत सांगतो. रीडायल करणारा कारीगर चोर नाही. भंगारात जाणारं मशीन तो पुन्हा कुणाच्या तरी मनगटावर आणतो, ते चांगलं काम आहे. चोरी होते ती लिस्टिंगमध्ये. तुम्ही लिहा : "जुनं मशीन, डायल नवीन रंगवलेली, मिलिटरी स्टाइल." एवढं लिहिलं तर घड्याळ दीड-दोन हजारांना जातं, साडेचारला नाही. हो, नफा कमी होतो. पण परत आलेला एक नग आणि तुमच्या नावानं फिरणारा एक स्क्रीनशॉट, याचा खर्च लावून बघा. जालना लहान आहे हो, इथं गिऱ्हाईक पुन्हा बाजारात भेटतं.

धंद्यात उतरायचंच असेल तर एक भिंग घ्या. छपाईच्या कडा फुटलेल्या आहेत का, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळतात का, काटे जुने आणि डायल कोरी करकरीत आहे का, ते बघा. मागचं झाकण उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा, माल चोरीचा निघू शकतो. जुन्या वस्तूंना जीएसटीत मार्जिन स्कीम आहे. खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलं नसेल, तर कर फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. सीएला विचारा. पहिल्या महायुद्धातली वस्तू आता शंभरी ओलांडून गेलीय, ती परदेशात पाठवण्याआधी पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा बघून घ्या.

आणि एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. अंधारात दिसावं म्हणून त्या काळी डायलवर रेडियमचा लेप असायचा. चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं नाही. ते अर्धं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. ती पूड श्वासात जाणं धोक्याचं. दुकानातल्या पोराला "जरा घासून चकाचक कर" असं चुकूनही सांगू नका.

मागच्या दिवाळीत भोकरदनकडच्या एक मावशी सासऱ्यांचं 'सोवार' घेऊन आल्या. काच तडकलेली, डायल पिवळी पडलेली, पण अस्सल. सोबत सासऱ्यांचा वर्दीतला फोटो. मावशी म्हणाल्या, पाचशे द्या नि ठेवून घ्या. माझा हात गल्ल्याकडं गेला होता, खोटं कशाला बोलू. मग मी त्यांना खरी किंमत सांगितली, आणि डायलला कुणाला हात लावू देऊ नका, फोटो घड्याळाबरोबरच ठेवा, असंही सांगितलं. त्यांनी जरा विचार केला, लेकाला फोन लावला आणि घड्याळ परत पिशवीत टाकलं. मी काच बदलून दिली, साडेतीनशे घेतले.

बनावट डायल भिंगाखाली कशी दिसते, ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. माझ्या त्या दहातली उरलेली आठ अजून ड्रॉवरमध्ये आहेत, त्यांच्यावरच दाखवीन.