सरकारी आवाज, अरबी कान

भोपाळचे नाव जगाच्या कानी गेले ते १९८४ च्या डिसेंबरातील विषारी वायूच्या रात्रीमुळे. परंतु त्याच्या शंभर वर्षे आधी कैरो आणि इस्तंबूलच्या विद्वानांना हे नाव निराळ्याच कारणाने परिचित होते. भोपाळच्या अधिपती शाहजहान बेगम यांचे पती नवाब सिद्दीक हसन खान (१८३२-१८९०) हे अरबीचे गाढे पंडित. संस्थानच्या आश्रयाने त्यांचे अरबी ग्रंथ भोपाळात छापले जात. कैरोतील बुलाकच्या छापखान्यातून आणि इस्तंबुलातूनही ते बाहेर पडत. मध्य हिंदुस्थानातील एक संस्थान अरबांशी त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच विद्येच्या पातळीवर बोलत होते. ब्रिटिश अधिकाऱ्यांना ते मानवले नाही. राजद्रोही लिखाणाचा ठपका ठेवून त्यांनी १८८५ साली नवाबांचे किताब काढून घेतले. काळाचा विनोद असा, की पुढे ५३ वर्षांनी, ३ जानेवारी १९३८ रोजी, याच ब्रिटिशांना बीबीसीची पहिली परभाषिक सेवा सुरू करावी लागली, ती अरबीत! मुसोलिनीच्या बारी नभोवाणीने अरबांचे कान फुंकण्यास आरंभ केला होता. त्यावरचा तो उतारा होता.

या जुन्या गोष्टीची आठवण होण्यास निमित्त आहे अमेरिकेच्या अल्-हुर्रा या अरबी दूरचित्रवाणीचे. इराकवरील स्वारीनंतर, १४ फेब्रुवारी २००४ रोजी ती व्हर्जिनियातून सुरू झाली. नावाचा अर्थ 'मुक्त'. पैसा मात्र अमेरिकन काँग्रेसचा. तीन महिने उलटले नाहीत तोच अबू गरीब तुरुंगातील छळाची छायाचित्रे जगापुढे आली आणि ५ मे रोजी अध्यक्ष बुश यांना याच वाहिनीवर अरबांपुढे खुलासा करावा लागला. छायाचित्रे जे बोलत होती, ते पुसून टाकणारा निवेदक कोठून आणणार? त्यानंतर वाहिनी एकवीस वर्षे चालली. एप्रिल २०२५ मध्ये वॉशिंग्टननेच पैसा रोखला, बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी बसावे लागले आणि दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण थांबले.

सरकारी पैसा हाच दोष, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. बीबीसीने १९९४ मध्ये एका सौदी कंपनीच्या भागीदारीत अरबी दूरचित्रवाणी काढली. सौदी अरेबियावरील एक कार्यक्रम भागीदाराला झोंबला आणि १९९६ मध्ये ती बंद पडली. तिथे तयार झालेल्या अनेक पत्रकारांना त्याच वर्षी कतारने आपल्या नव्या अल् जझीरात घेतले. अल् जझीराही राजदरबारच्याच पैशावर पोसली गेली आणि मालकाच्या घरातील भानगडींबद्दल तिची जीभ जड असते, हे खरे. तरीही अरबांना आपसांत जे उघड बोलता येत नव्हते, ते तिने पडद्यावर बोलू दिले. म्हणून ती घरोघर पाहिली गेली.

आता आपल्याकडे. मौलाना आझाद मक्केत जन्मले, अरबी ही त्यांची मातृभाषा. त्यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये 'सकाफतुल हिंद' हे अरबी नियतकालिक निघाले. आकाशवाणीच्या परदेश विभागानेही दीर्घकाळ अरबी प्रक्षेपणे केली. सरकारी अरबी दूरचित्रवाणी मात्र आपण काढली नाही. रशिया, चीन, फ्रान्स, जर्मनी, तुर्कस्तान यांनी काढली, मग आपणच मागे का, असा प्रश्न कोणी केल्यास तो अनाठायी नाही. आखाती देशांत सुमारे नव्वद लाख भारतीय राहतात. गोव्यातील आणि रत्नागिरीतील कितीतरी चुली तिकडून येणाऱ्या पैशावर पेटतात. तिथल्या जनमताची पर्वा आपण केली नाही, तर त्याची झळ प्रथम या घरांना बसेल.

पण जून २०२२ आठवावा. सत्तारूढ पक्षाच्या प्रवक्त्यांनी प्रेषितांविषयी काढलेले उद्गार आखातात पोचायला अरबी वाहिनी लागली नाही. ५ जून रोजी कतार आणि कुवेत यांनी आपल्या राजदूतांना बोलावून निषेध नोंदवला, आणि ही उपटसुंभांची मते आहेत, असे सांगण्याची पाळी आपल्या दूतावासावर आली. आपल्या देशी वाहिन्यांवरील रात्रीची भांडणे हेच आपले परदेश प्रक्षेपण होऊन बसले आहे, आणि त्यावर दमडीही खर्च होत नाही!

शिवाय, सरकारी आवाजावर स्वकीयांचा तरी किती विश्वास असतो? ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या मृत्यूची बातमी बीबीसीने दिल्यावर कित्येक तासांनी, सायंकाळी, आकाशवाणीने ती अधिकृतपणे सांगितली. मधल्या वेळेत रेडिओचा काटा कुणीकडे फिरला होता, हे त्या पिढीला सांगण्याची गरज नाही.

अरबी वाहिनीचा प्रस्ताव उद्या संसदेपुढे आलाच, तर सदस्यांनी खर्चाचे आकडे पाहण्यापूर्वी मंत्र्यांना एवढेच विचारावे, की ५ जून २०२२ ची ती बातमी आपल्या या वाहिनीने त्याच रात्री दिली असती काय, आणि कोणत्या शब्दांत?