अब्जांशाची कमाई कोणाच्या पदरात?

कर्करोगाच्या निदानात ‘पेट स्कॅन’ला आज मोठे महत्त्व आले आहे. या यंत्राची चर्चा बहुधा त्याच्या किमतीपाशी सुरू होते व तेथेच संपते. वास्तविक गेल्या वीस वर्षांतील त्याची एक मोठी कमाई वेळेच्या मोजणीतून झाली आहे. ही कमाई कशाची, हे समजल्याखेरीज तिच्या वाटपाचा प्रश्न नीट मांडता येणार नाही.

यंत्राचे तत्त्व सरळ आहे. फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेली साखर रुग्णाच्या शिरेतून देतात. बहुतेक कर्करोगांच्या पेशी साखर अधिक ओढून घेतात, म्हणून ती तेथे साठते. अणूतून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच नष्ट होतो आणि दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना धावतात. शरीराभोवतीच्या कड्यातील दोन स्फटिकांनी ते टिपले की, घटना त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कोठे तरी घडली एवढेच कळते. म्हणून जुनी यंत्रे प्रत्येक घटना संपूर्ण रेषेवर सारखी वाटून टाकीत. परिणामी एका भागातील खरखर साऱ्या प्रतिमेत पसरे.

समजा, मुंबई-पुणे लोहमार्गावरील एका अज्ञात स्थानकातून सारख्या वेगाच्या दोन गाड्या एकाच क्षणी दोन दिशांना सुटल्या. त्या पोचण्याच्या वेळांतील फरकावरून ते स्थानक कोणते, हे सांगता येईल. फोटॉनचेही तसेच आहे. अडचण आहे ती वेगाची. सेकंदाच्या एक अब्जांशात प्रकाश ३० सेंटिमीटर अंतर कापतो. हा फरक ५०० पिकोसेकंदांपर्यंत, म्हणजे अर्ध्या अब्जांशापर्यंत अचूक मोजला, तर जागा साडेसात सेंटिमीटरच्या आत येते. २०० पिकोसेकंदांपर्यंत मोजला तर तीन सेंटिमीटरच्या आत. बारीक गाठ एवढ्याने वेगळी दिसू लागते असे नाही. परंतु खरखर ओसरते. ४० सेंटिमीटर रुंदीच्या शरीरात घटना साडेसात सेंटिमीटरच्या पट्ट्यात बसवता आली, तर आदर्श हिशेबाने तेवढीच मोजणी पाचपट मोजणीचे काम करते. शरीर जितके स्थूल तितका लाभ मोठा. म्हणजे ज्यांच्या प्रतिमा आजवर सर्वांत अस्पष्ट येत, त्यांनाच तो अधिक मिळतो.

ही कल्पना बाजारात जन्मलेली नाही. १९८० च्या दशकात सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मिशेल तेर-पोगोसियान यांच्या गटाने आणि फ्रान्समध्ये ग्रनोब्ल येथील सरकारी अणुऊर्जा प्रयोगशाळेने अशी यंत्रे बांधली होती. त्या वेळचे वेगवान स्फटिक फोटॉन पुरेसे अडवू शकत नसत, म्हणून ती मागे पडली. पुढे ल्युटेशियमयुक्त स्फटिक हाती आले व २००६ मध्ये फिलिप्सने असे यंत्र बाजारात आणले. २०१८ पर्यंत ही अचूकता सुमारे २०० पिकोसेकंदांवर येऊन ठेपली.

आता प्रश्न वाटपाचा. ही कमाई तीन प्रकारे खर्च करता येते: प्रतिमा स्वच्छ करावी, किरणोत्सारी औषधाची मात्रा कमी करावी, किंवा तपासणीचा वेळ घटवावा. तोच रुपया तीनदा खर्च होत नाही. यंत्राच्या मालकाचा ओढा साहजिकच वेळेकडे राहणार. वेळ निम्मा झाला आणि दर तोच राहिला, तर दिवसाची पावती फुगते. वेळ वाचणे मुळात वाईट नाही. सार्वजनिक रुग्णालयात त्यानेच रांग सरकते. परंतु बालकाच्या बाबतीत मात्रा कमी करणे इष्ट आणि स्थूल रुग्णाच्या बाबतीत स्वच्छ प्रतिमा. हा निर्णय वैद्यकाचा आहे. तो हिशेबनिसाकडे जाता कामा नये.

यात आणखी एक वाटेकरी आहे, तो म्हणजे दूरच्या गावचा रुग्ण. भारतातील पहिली पेट सुविधा २००२ मध्ये मुंबईत परळच्या किरणोत्सार वैद्यक केंद्रात सुरू झाली. फ्लोरीन-१८ सायक्लोट्रॉनमध्ये तयार होते आणि दर ११० मिनिटांनी निम्मे उरते. ३ तास ४० मिनिटांच्या प्रवासाअंती केवळ चौथा हिस्सा शिल्लक राहतो. सायक्लोट्रॉनपासून लांब असलेल्या रुग्णालयास ही तूट नेहमीच सोसावी लागते. थोड्या मात्रेत भागवणारे यंत्र या रुग्णालयांना अधिक उपयोगी पडेल. वेळेच्या मोजणीतून झालेली बचत येथे अंतर कमी करण्याच्या कामी येते.

तेव्हा सार्वजनिक पैशाने यंत्र घेताना निविदेत केवळ तासाला किती रुग्ण, एवढेच विचारून भागणार नाही. किती मात्रेत, किती रुंद शरीराची, कितपत स्वच्छ प्रतिमा मिळते, हेही विचारले पाहिजे. रुग्णाच्या अहवालात दिलेली मात्रा व तपासणीची मिनिटे स्पष्ट नोंदवली पाहिजेत. एवढे झाले, तरच ही कमाई कोणाच्या पदरात पडते याचा हिशेब लोकांना मागता येईल.