अर्दितात व्यायाम : अर्धशक्तीचा विचार

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आपल्या सभासदांकडे अर्दिताचा रुग्ण ‘लकवा मारला’ म्हणत येतो आणि तोंड सरळ दिसू लागताच येणे थांबवतो. आमच्या मते खरी सावधगिरी तेथूनच सुरू व्हावयास हवी.

कोपनहेगनचे डॉ. पीटरसन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बेल्स पाल्सीचे ७१ टक्के रुग्ण औषधाविनाही पूर्ववत झाले. १६ टक्के रुग्णांत मात्र अनैच्छिक सहचेष्टा राहिल्या. हसताना डोळा मिटतो, डोळा मिटताना ओठाचा कोपरा ओढला जातो. नाडीचे तंतू पुन्हा वाढताना भलत्याच मांसपेशीस जाऊन मिळतात, हे याचे कारण. हा दोष बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर प्रकट होतो. तोवर आपल्या नोंदवहीत रुग्ण ‘बरा’ झालेला असतो. तोंड सरळ झाले एवढ्यावरच चिकित्सेचे यश मोजणे म्हणूनच अपुरे आहे.

फुगे फुगवा, च्युइंगम चघळा, जोराने डोळे मिटा, असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी मनुष्यासही अर्धशक्तीचीच मर्यादा घातली आहे. मग दुर्बल मुखपेशींना पूर्ण शक्तीचे श्रम का सांगावेत? आरशासमोर बसून, सावकाश, अल्प हालचाल करावी. ओठांचा चंबू करताना डोळा उघडा राहावा, डोळा मिटताना ओठ शिथिल असावेत. सहचेष्टा दिसताच तेथेच थांबावे. नस्य, मूर्धतैल, नाडीस्वेद ही चरकोक्त चिकित्सा आपल्याकडे आहेच. मुखाभ्यंग मात्र हलक्या हाताने व्हावा. न मिटणाऱ्या डोळ्याचे रक्षण पहिल्या दिवसापासून करावे.

कपाळावर आठ्या पडत असतील किंवा हातापायांचे बळ कमी असेल, तर पक्षाघाताची शंका घेऊन रुग्णास तत्काळ विष्णुपुरीच्या वा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. अन्य नव्या रुग्णांतही पहिल्या ७२ तासांत स्टिरॉइडविषयी तज्ज्ञांचे मत घेण्यात कमीपणा मानू नये.

नांदेडचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि लातूर-उदगीर येथील आयुर्वेद महाविद्यालये यांनी अर्दिताच्या रुग्णांची वर्षभर नोंद ठेवावी, असे आम्ही सुचवितो. प्रत्येक भेटीत एकच प्रश्न अधिक विचारावा : हसताना डोळा मिटतो का? किनवट-माहूरहून येणाऱ्या रुग्णास पुन्हा बोलावणे कठीण असते, हे आम्ही जाणतो. तेव्हा सोप्या मराठीतील एक सूचनापत्रक पहिल्याच भेटीत त्याच्या हाती द्यावे. सुटलेले हसू पुन्हा मोकळे व्हावे, एवढी अपेक्षा रुग्णाने आपल्याकडून ठेवणे रास्तच आहे.