आर्तरक्षण आणि शस्त्र

संकटात सापडलेल्या परक्या माणसाच्या साहाय्यास धावून जावे, ह्या तत्त्वाविषयी भारतीय वाङ्मयपरंपरेत फारसा मतभेद आढळत नाही. मतभेदास प्रारंभ होतो तो धावून जाणाऱ्याच्या हाती शस्त्र असते तेव्हा. सैनिक नव्हे, पोलीस नव्हे, केवळ एक नागरिक. संकटग्रस्ताशी त्याचे नाते नाही, हल्लेखोराशी वैर नाही. परंतु त्याच्या कमरेला परवान्याचे पिस्तूल आहे. अशा माणसाने मध्ये पडावे काय? शस्त्र बाळगणे हा जेथे घटनादत्त हक्क मानला जातो, त्या अमेरिकेत हा प्रश्न सतत चर्चिला जातो. भारतात तो परकीय म्हणून बाजूस सारला जातो, किंवा तिकडच्या घोषणांसह जसाच्या तसा उचलला जातो. ह्या दोन्ही प्रकारांत एक गोष्ट विसरली जाते. हा प्रश्न रामायण-महाभारतांनी फार पूर्वी, आणि पुष्कळ अधिक खोलवर जाऊन, विचारलेला आहे.

प्रथम कायद्याची भूमिका पाहणे इष्ट ठरेल. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा जो मसुदा सादर केला, त्यात खाजगी संरक्षणाचा हक्क जाणीवपूर्वक व्यापक ठेवलेला होता. निर्बंध वाढवण्यापेक्षा लोकांतील प्रतिकाराचे धैर्य जागे करावे, अशी त्यामागची दृष्टी होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ९७ व्या कलमाने हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता मर्यादित न ठेवता अन्य कोणाही व्यक्तीच्या शरीरापर्यंत नेला. ती व्यक्ती आप्त असली पाहिजे, अशी अट त्यात नव्हती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५ व्या कलमात हीच तरतूद कायम आहे. मात्र सार्वजनिक अधिकाऱ्यांकडे धाव घेण्यास अवसर असेल तर हा हक्क उरत नाही, आणि संरक्षणास आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करण्याची मुभा तो कधीच देत नाही.

ह्या इतिहासात एक विसंगतीही आहे. लोकांत धैर्य जागे व्हावे म्हणून ज्या राजवटीने हक्क दिला, तिनेच १८७८ च्या शस्त्रकायद्याने, युरोपीयांना सूट देऊन, एतद्देशीयांच्या हातची साधने काढून घेतली. त्या अपमानाची स्मृती पुढे दीर्घकाळ टिकली, आणि शस्त्र म्हणजे पौरुष हे समीकरण तिच्यामुळे दृढ झाले. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्रकायदा केला. त्यात वंशभेद उरला नाही. परवान्याचे तत्त्व मात्र राहिले. शस्त्र ही नागरिकाची जन्मसिद्ध मालमत्ता नसून राज्याने विश्वासाने हाती दिलेली वस्तू आहे, ही कल्पना त्यामागे आहे. तिचा धागा थेट अरण्यकांडापर्यंत जाऊन पोहोचतो.

दंडकारण्यातील ऋषींनी राक्षसांकडून मारल्या गेलेल्या तपस्व्यांचे देह रामाला दाखवले, आणि रामाने त्यांना अभय दिले. त्यानंतर पुढची वाट चालू लागताना सीता जी शंका उपस्थित करते, ती प्रस्तुत विषयाच्या गाभ्याची आहे. वैर नसताना केलेली हिंसा हा दोष होय, असे ती म्हणते. ज्या राक्षसांनी रामाचा व्यक्तिशः काही अपराध केलेला नाही, त्यांच्यावर शस्त्र उचलण्यास तो निघाला आहे, हे तिला खटकते. समर्थनार्थ ती एका तपस्व्याची कथा सांगते. इंद्राने योद्ध्याच्या वेषात येऊन आपले खड्ग त्याच्यापाशी ठेव म्हणून ठेवले. ठेव सांभाळायची म्हणून तो ते सतत जवळ बाळगू लागला. फळेमुळे आणायला जातानाही ते त्याच्या हाती असे. हळूहळू त्याची वृत्ती क्रौर्याकडे वळली, तप सुटले, आणि अखेर तो नरकास गेला. त्याच्यावर कोणी हल्ला केला नव्हता, त्याने कोणाचा द्वेषही केला नव्हता. त्याच्या मनात जो पालट झाला, तो केवळ शस्त्राच्या सहवासाने.

रामाचे उत्तर तितकेच विचारार्ह आहे. तो सीतेची शंका निराधार ठरवत नाही. आर्ताचा आक्रोश ऐकू येऊ नये ह्यासाठीच क्षत्रिय धनुष्य धारण करतो, असे तो म्हणतो. आणि आर्तांचे रक्षण एवढेच धनुष्याचे कार्य होय, हे तिच्याच बोलण्यातले सूत्र उचलून धरतो. साहाय्याची याचना ऋषींनी स्वतः केलेली आहे, वचन दिले गेले आहे, मृतांचे देह त्याने स्वतः पाहिलेले आहेत. सीता शस्त्राचा परिणाम सांगते, राम शस्त्राचे प्रयोजन सांगतो. वाल्मीकींनी ह्यांपैकी एकाचाही पक्ष पुसून टाकलेला नाही. आजच्या वादात मात्र दोन्ही बाजूंचे लोक ह्या संवादाचा अर्धाच भाग ऐकतात.

सद्हेतू आणि कौशल्य ही दोन्ही असूनही साहाय्यकर्ता चुकू शकतो. कारण प्रसंगाचे ज्ञान ही तिसरीच गोष्ट आहे. शब्दवेधाचे कौशल्य संपादन केलेल्या तरुण दशरथाने शरयूतीरी रात्रीच्या अंधारात घागर भरल्याचा आवाज ऐकला, तो हत्तीचा समजला आणि बाण सोडला. नेम अचूक होता. समजूत चुकीची होती. ही कथा आर्तरक्षणाची नव्हे, हे खरे. परंतु न पाहता शस्त्र चालवणाऱ्याची विपत्ती तिच्याइतक्या स्पष्टपणे क्वचितच कोठे मांडली गेली असेल. दंडसंहितेच्या कर्त्यांनाही ह्या विपत्तीची जाण होती. स्वतःच्या हक्काने घरात रात्री प्रवेश करणाऱ्या माणसाला दुसरा कोणी प्रामाणिकपणे घरफोड्या समजून त्याच्यावर हल्ला करतो, असे उदाहरण त्यांनी दिले आहे. हल्ला करणारा गुन्हेगार ठरत नाही. पण ज्याच्यावर हल्ला झाला त्यालाही प्रतिकाराचा तितकाच हक्क आहे. दोन निरपराध माणसे एकमेकांच्या जिवावर उठू शकतात, हे कायद्याने अशा रीतीने मान्यच केले आहे.

अमेरिकेतील दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे ह्या उदाहरणाचे वास्तव रूप ध्यानी येते. १७ जुलै २०२२ रोजी इंडियाना राज्यातील ग्रीनवुड येथे एका बाजारसंकुलात बंदूकधाऱ्याने तिघांचे प्राण घेतले. तेथे आलेल्या एका सशस्त्र तरुणाने अवघ्या काही सेकंदांत त्याला गोळी घालून पुढील संहार थांबवला. त्याच्या आदल्या वर्षी, २१ जून २०२१ रोजी, कोलोरॅडो राज्यातील आर्वाडा येथेही एका नागरिकाने असेच धैर्य दाखवले. पोलिसाची हत्या करणाऱ्या बंदूकधाऱ्यावर त्याने गोळ्या झाडल्या. परंतु हल्लेखोराची बंदूक त्याच्या हाती असतानाच दुसरा पोलीस तेथे पोहोचला. त्याने ह्यालाच हल्लेखोर समजून ठार केले, आणि सरकारी अभियोक्त्यांनी त्या पोलिसाची कृती पुढे समर्थनीय ठरवली. दोन्ही नागरिकांच्या धैर्यात किंवा हेतूत उणे काढता येत नाही. फरक पडला तो तिसऱ्या माणसाला काय दिसले ह्यामुळे. हातात शस्त्र घेतलेला रक्षक आणि हातात शस्त्र घेतलेला भक्षक दुरून सारखेच दिसतात.

भारतातील अनुभव अधिक विषण्ण करणारा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा भ्रमणध्वनींवरून पसरलेली होती. जमावापाशी बंदुका नव्हत्या. परंतु त्यातील अनेकांची समजूत, कोणाच्या तरी लेकरांचे आपण रक्षण करीत आहोत, अशीच असणार. परोपकाराची भावना आणि अज्ञान ह्यांचा संयोग झाला म्हणजे काय घडते, ह्याचे हे उदाहरण आहे. ज्यांच्यावर घाव पडले ते भटके होते, परगावचे होते, त्यांच्या बाजूने उभा राहील असा आप्त तेथे कोणी नव्हता. संशयाचे बोट प्रथम अशाच माणसाकडे वळते. सशस्त्र साहाय्याची चर्चा करताना संकटग्रस्त परका एवढाच डोळ्यांपुढे आणला जातो. वस्तुतः जो संशयित ठरतो तोही परकाच असतो.

ह्यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. इतके सावध राहायचे ठरवले तर कोणीच कोणाच्या मदतीस जाणार नाही. बघ्यांची गर्दी वाढेल, आणि पोलीस येईपर्यंत व्हायचे ते होऊन जाईल. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. जटायू वृद्ध होता, रावण सशस्त्र आणि तरुण होता, हे जटायूने स्वतःच बोलून दाखवले आहे. तरीही तो आडवा आला आणि प्राणास मुकला. परंपरेने त्याला अविचारी म्हटले नाही. स्वतः रामाने त्याचे अंत्यसंस्कार केले. तथापि जटायूच्या बाबतीत एक गोष्ट निश्चित होती. त्याने अपहरण प्रत्यक्ष पाहिले होते, आक्रोश ऐकला होता, अपहरणकर्ता कोण हे त्याला ठाऊक होते, आणि त्याने प्रथम शब्दाने त्याला निवारून पाहिले होते. त्याच्या पराक्रमाला ह्या चार गोष्टींचा आधार होता.

आदिपर्वातील अर्जुनाची कथा ह्याच्या पुढची पायरी सांगते. चोरांनी गाई पळवल्या म्हणून एक ब्राह्मण आक्रोश करीत आला. शस्त्रे होती ती युधिष्ठिर आणि द्रौपदी ज्या दालनात होती तेथे, आणि तेथे प्रवेश करणाऱ्याने वनवास पत्करावा असा भावांचा आपसांतील नियम होता. अर्जुनाने नियम मोडला, शस्त्रे घेतली, गाई सोडवून आणल्या. परत आल्यावर युधिष्ठिराने त्याला दोषमुक्त ठरवले. तरीही अर्जुन वनवासास निघाला. धर्माचे आचरण करताना पळवाट शोधू नये, असे त्याचे म्हणणे होते. आर्तरक्षण हे मोठे कर्तव्य खरे. पण त्यासाठी जे उल्लंघन घडले त्याचा जाब देण्याची तयारी हा त्याच कर्तव्याचा भाग आहे, असा ह्याचा अर्थ होतो. सशस्त्र नागरिकाला आगाऊ अभय द्यावे, त्याच्या कृतीची चौकशीच होऊ नये, अशी मागणी जे करतात, त्यांना अर्जुनाचा आधार घेता येणार नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असले तरी ते अरुंद आहे. संकट प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेले असावे. ते मालमत्तेवरचे नव्हे तर प्राणांवरचे असावे. दुसरा उपाय किंवा अवसर उरलेला नसावा. आणि नंतर न्यायासनापुढे उभे राहण्याची सिद्धता असावी. ह्यांतील एकही अट सुटली की शस्त्र म्यानातच राहणे उचित होय. मात्र शस्त्र म्यानात राहिले म्हणून कर्तव्य संपत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एका उद्घोषकाने आपली जागा न सोडता ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सुरक्षित वाट सांगितली. त्याच्या हाती फक्त आवाज होता. पण जे घडत होते ते त्याने पाहिलेले होते. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास छळ सोसावा लागू नये म्हणून २०१९ मध्ये मोटारवाहन कायद्यात संरक्षणाची तरतूद करण्यात आली. निःशस्त्र साहाय्यकर्त्याला अशी हमी इतरही संकटांत मिळेल, तर बघ्यांची संख्या शस्त्रपरवाने वाढवल्याने जितकी घटेल त्याहून अधिक घटेल.

सीतेच्या कथेतील तपस्व्याने ठेव प्रामाणिकपणे सांभाळली, हे तिच्यातील सर्वांत अस्वस्थ करणारे वास्तव आहे. त्याने खड्ग हरवू दिले नाही, कोणाला वापरूही दिले नाही. ते आपले नव्हे, एवढेच तो विसरला. परवानाधारक नागरिकाचे शस्त्रही समाजाची ठेवच असते. परक्यासाठी ते उचलण्याची वेळ आलीच, तर ज्याच्यासाठी ते उचलायचे आणि ज्याच्यावर ते रोखायचे, ते दोघेही त्या ठेवीच्या मालकांपैकीच आहेत, ह्याचे भान सुटता कामा नये.