विचारण्याची सवय

"मोबाईलने आजची पिढी बिघडवली," हे वाक्य परिसंवादापासून एस.टी.च्या बाकापर्यंत सगळीकडे ऐकू येते. माझे मत थोडे वेगळे आहे. मोबाईलचे माझ्यावर उपकार आहेत आणि त्याने माझे एक नुकसानही केले आहे. दोन्ही सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. एस.टी.च्या पासासाठी 'बोनाफाईड' लागेल असे समजले, तेव्हा तो शब्द मी प्रथमच ऐकत होते. घरी विचारावे तर कोणाला? वर्गात विचारावे तर मुली हसतील ही धास्ती. मी गुपचूप मोबाईलवर अर्थ शोधला. तो हसला नाही. पुढे कितीतरी शब्द असेच कळले. मराठी विश्वकोशाचे खंड ग्रंथालयात पाहण्याआधी त्यातल्या नोंदी मी मोबाईलवरच वाचल्या होत्या.

आता नुकसान सांगते. माझी आई दुसरीनंतर शाळेत गेली नाही. मार्च २०२३ मध्ये बायकांना एस.टी.चे तिकीट अर्धे झाले, तेव्हापासून ती मावशीकडे एकटी जाऊ लागली. गाडीची पाटी तिला नीट वाचता येत नाही, म्हणून ती विचारते, "दादा, ही कुठली?" उतरेपर्यंत तिला शेजारणीचे गाव, तिच्या सुनेचे बाळंतपण आणि कांद्याचा भाव कळलेला असतो. मी रोज येऊनजाऊन अडीच तास एस.टी.त असते. पण कानांत इअरफोन. वर्षभर शेजारी कोण बसले, हे मला सांगता येणार नाही.

गेल्या पावसाळ्यात वक्तृत्व स्पर्धेसाठी दुसऱ्या गावी जायचे होते. फाट्यावर उतरून मी मोबाईलने दाखवलेली जवळची वाट धरली. ओढ्यावरचा फरशीपूल पाण्याखाली होता. वळसा घालून पोहोचले तेव्हा माझे नाव पुकारून झाले होते. फाट्यावरच्या टपरीवाल्या आजोबांना सारे सांगितले. ते एवढेच म्हणाले, "विचारायचं होतंस, पोरी."

१८५७ साली कोकणातल्या वरसईहून विष्णुभट गोडसे उत्तरेकडे गेले. दक्षिणा मिळवायला निघालेले हे भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले. पाहिलेले आणि ऐकलेले त्यांनी पुढे लिहून ठेवले. १९०७ साली ते 'माझा प्रवास' म्हणून छापले गेले. डोळे आणि कान उघडे होते, म्हणूनच ती हकीकत आपल्याला मिळाली.

त्या स्पर्धेनंतर मी जाताना तरी इअरफोन पिशवीत ठेवते. आमच्या गाडीचे वाहक निवृत्तीला आले आहेत. पूर्वी ते पेटीतली तिकिटे पंच करून देत. यंत्र आले तेव्हा ते मुलाच्या वयाच्या सहकाऱ्याकडून शिकले. "लाज नाही वाटली, काका?" मी विचारले. "वाटली की! पण गाडी भरलेली असते, बाळा. लाजत बसलो तर तिकिटं कोण फाडणार?" महर्षी कर्वे सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ साली, परदेशच्या प्रवासाला निघाले आणि युरोप, अमेरिका, जपान पाहून आले. थोरांचे हे उदाहरण आपण भाषणात देतो. मला मात्र रोजच्या गाडीतले काका अधिक जवळचे वाटतात.

"पदवी मिळाली की शिक्षण संपलं ना गं?" आई विचारते. नाही आई, संपणार नाही. पदवी कागदावर मिळेल; विचारण्याची सवय जन्मभर सांभाळावी लागेल. ती तुझ्याकडे आहे, माझी मोडत चालली होती.

मोबाईलने माझी लाज झाकली, पण घालवली नाही. ती माणसांतच जाईल. म्हणून मित्रमैत्रिणींनो, आणि गुरुजनहो, एक विनंती आहे. वर्गात कोणी अगदी साधा शब्द विचारला, तर हसू नका. कदाचित त्याच्या घरी विचारायला कोणीच नसेल.

(द्वितीय वर्ष, कला)